लेणी पाहायला जाताय? आधी चालायला शिका



एप्रिल उजाडला की आपल्या वाड्यावस्त्यांत तीन गोष्टींची गडबड एकदम सुरू होते. चौदा एप्रिलची मिरवणूक, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची सोय आणि बुद्ध पौर्णिमेच्या आगेमागे निघणारी लेण्यांची सहल. पहिल्या दोन गोष्टींसाठी बैठका होतात, वर्गणी ठरते, कामे वाटून दिली जातात. सहलीसाठी मात्र फक्त गाडी ठरते. चढ किती आहे, पाणी किती लागेल, कोणाला बीपी-शुगर आहे, वाटेत कोणी पडले तर उचलून कोण आणणार, हे गाडीत बसल्यावरही कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. लेण्यांपर्यंत चालत जाणे हा आपला हक्क आहे आणि वारसाही आहे. पण डोंगरात चालणे ही शिकण्याची विद्या आहे. ट्रेकिंग म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचा छंद, असे समजून आपण ती विद्या दुसऱ्यांवर सोडून दिली. त्याची किंमत आपल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे मोजतात.

ही विद्या आपलीच आहे

कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, कुडा, महाडजवळची गांधारपाले, दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजी. ही सगळी लेणी डोंगरात किंवा खाडीकाठच्या कड्यात आहेत. बंदरांकडून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटांवरची ही मुक्कामाची ठिकाणे होती. तिथे राहणारे भिक्खू पायी चालत. त्यांच्या चालण्याला चारिका म्हणतात, आणि चारिकेला शिस्त होती.

भिक्खूचे सामान मोजून आठ वस्तूंचे. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे गाळणे. पाठीवर घेता येईल तेवढेच, आणि त्यातही पाण्याची काळजी. दुसरी शिस्त वर्षावासाची. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका जागी थांबत, पावसात भटकत नसत. आज धो धो पावसात धबधब्याखाली सेल्फी काढायला डोंगर चढणाऱ्यांनी या नियमातले शहाणपण ओळखावे. शेवाळलेला दगड, अचानक वाढणारा ओढा आणि धुके यांच्यात दरवर्षी तरुण मुले जातात. आपल्या सहली वर्षावास संपल्यावर, कार्तिक ते माघ या काळात काढाव्यात, हे माझे पहिले सांगणे. बुद्ध पौर्णिमेला वाडीतच कार्यक्रम करा. वैशाखाच्या उन्हात लहान मुलांना कडा चढायला लावू नका.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा अनवाणी दहा कोस चालायचे, त्यांना कुठे कोणी शिकवले? आजोबांना सगळे येत होते, म्हणून ते चालले. महार वतनात गावाचा निरोप नेणे, सरकारी कागद पोचवणे, अंमलदाराला वाट दाखवणे ही कामे त्यांच्या गळ्यात घातलेली होती. रात्रीबेरात्री, पावसापाण्यात, मोबदल्याचा भरवसा नसताना. ती वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा प्रश्न विधेयक आणून मांडला, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली. वेठ गेली ते उत्तमच झाले. पण वाट ओळखणे, काठी वापरणे, पाणी शोधणे, ढग पाहून परत फिरणे हे आजोबांचे ज्ञानही तिच्याबरोबर गेले. ते परत मिळवायचे आहे. या वेळी कोणाच्या हुकमावरून नाही, आपल्या मर्जीने.

पाणी: बाबासाहेबांच्या सहलीची गोष्ट

१९३४ मध्ये बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत सगळे दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेली मंडळी, दरवाजाबाहेरच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून ओरड झाली, जमाव जमला, अंगावर येऊ लागला. शेवटी गडावर कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन त्यांना आत सोडले. बाबासाहेबांनी ही हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

ज्यांना पाण्यासाठी एवढे सोसावे लागले, त्यांची लेकरे आज सहलीला एका बाटलीत चौघे जातात, हे मला पटत नाही. हिशेब लक्षात ठेवा. उन्हात चढताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. अर्ध्या दिवसाच्या चालीला माणशी किमान तीन लिटर घ्या. तहान लागण्याची वाट पाहू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्या. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे अंगात पाणी कमी पडले.

नुसते पाणीच पाणी पिणेही बरोबर नाही. घामातून मीठ जाते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धे टाकून अर्धे ठेवू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ घालून पेज, मीठ-साखरेचे कोकम सरबत हेही चांगले. रंगीत गोड बाटल्यांवर पैसे घालवू नका.

लेण्यांत कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांना जुन्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे. ते पाणी पाहून मन भरून येते, पण तसेच पिऊ नका. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळले तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, असे २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे भिक्खूंचे गाळणे खोटे नव्हते. पण गाळून सगळे जंतू जात नाहीत. गाळल्यावर उकळा, किंवा आशाताईंकडे मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा.

बाया पाणी का पीत नाहीत

सहलीत बाया आणि मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. मग डोके दुखते, चक्कर येते, दोन दिवसांनी लघवीची जळजळ सुरू होते. वॉर्डात मी अशा बायका किती तरी पाहिल्या. हा दोष त्यांचा नाही, सहल ठरवणाऱ्यांचा आहे. प्रत्येक सहलीच्या पुढाऱ्यांत एक बाई असलीच पाहिजे. दर दीड-दोन तासांनी थांबा ठरवा आणि पुरुषांना पुढे पाठवा. दोन जुन्या साड्या आणि दोरी घेतली की आडोसा होतो. पाळी आली म्हणून कोणी मुलगी घरी बसायचे कारण नाही. पॅड जास्तीचे ठेवा, वापरलेले कागदात गुंडाळून पिशवीत परत आणा. लेण्यात कचरा टाकायचा नाही.

आणखी एक. ज्या बाईला दोन जिने चढताना धाप लागते तिचे रक्त तपासा. उपकेंद्रात हिमोग्लोबिन बघतात. रक्त कमी असेल तर आधी गोळ्या आणि आहार, मग डोंगर.

ऊन

आपल्या किनाऱ्यावर घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होते. म्हणून इथले पस्तीस अंश घाटावरच्या चाळिसाइतके बाधू शकतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने गेली. ती डोंगर चढत नव्हती, मैदानात बसली होती.

आपल्या सहलीचा शिरस्ता काय? रात्रभर गाडीत झोप नाही, सकाळी चहा-बिस्किटे, आणि अकराच्या उन्हात चढ. हे बदला. पायथ्याच्या गावात मुक्काम करा, पोटभर नाश्ता करा, सहा वाजता चाल सुरू करा आणि अकराच्या आत सावलीत या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून भाजू लागले, तर तो उष्माघात आहे. सावलीत आडवे करा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा. आधी थंड करा, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाय, पाठ आणि रांग

महागडे बूट लागत नाहीत. शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात, पण तळवा झिजलेला नसावा आणि आत सुती मोजे हवेत. नवे बूट आधी आठवडाभर घरात वापरा. चप्पल आणि सॅन्डलवर उतरणीला पाय मुरगळतो. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी लावा. मधुमेह असलेल्यांनी एक पाऊलही अनवाणी टाकू नये आणि रात्री तळपाय आरशात पाहावेत.

दप्तराची पिशवी पुरते. जड सामान पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला, हलके खाली. आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे ठेवा. मोठ्यांनी आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे घेऊ नये, मुलांनी दहाव्या हिश्श्याहून. हात मोकळे हवेत, एका हातात बांबूची काठी.

चालताना वाट माहीत असलेला सर्वांत पुढे, आणि एक भरवशाचा माणूस शिट्टी घेऊन सर्वांत मागे. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. बोलता बोलता चालता येत नसेल तर वेग जास्त आहे. तासाला पाच-दहा मिनिटे बसा. उतरताना गुडघे किंचित वाकवून लहान पावले टाका, कारण थकलेला माणूस पडतो तो बहुतेक उतरणीवरच. किती वाजता परत फिरायचे ते निघतानाच ठरवा. ती वेळ झाली की लेणे दिसत असले तरी फिरायचे. घरी एका माणसाकडे सगळ्यांची नावे, वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवा. मोबाईलला रेंज असेलच असे नाही.

साप, विंचू, माश्या, गोचीड

आपल्या कातळावर, सड्यावर फुरसे भरपूर. दगडाखाली हात घालू नका, काठी आपटत चाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नको. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी लगेच काढा, सूज आल्यावर ती रुततात. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळते. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरातून साप चावलेला मुलगा आधी मांत्रिकाकडे जात असेल तर आपण प्रतिज्ञा नुसत्या म्हटल्या. मंत्राने विष उतरत नाही. जी माणसे मांत्रिकाकडे बरी झाली, त्यांना बिनविषारी साप चावला होता किंवा विष अंगात गेलेच नव्हते.

विंचवाचेही तसेच. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या गोळीने कोकणात असंख्य जीव वाचले. दंशानंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, धाप लागली तर एक मिनिटही दवडू नका. सकाळी बूट झटकूनच घाला.

लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळ असते. आपण तिथे वंदना घेतो, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावतो. त्या धुराने माश्या उठतात. वर पाहा. मोहोळ दिसले तर काही पेटवायचे नाही, मोठ्याने घोषणाही द्यायच्या नाहीत. हात जोडून वंदना घेतली तरी ती पूर्ण होते. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा, पाण्यात उडी मारू नका. अनेक डंख झाले किंवा ओठ सुजले, श्वास अडकू लागला तर थेट दवाखाना.

आणि गोचीड. २०१६ पासून आपल्या दोडामार्ग, सावंतवाडी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो, मुख्यतः हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. जंगलातून जाताना पूर्ण बाह्या घाला, पायजमा मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेल्या माकडाला हात लावू नका. घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेले होते' हे आपणहून सांगा.

सराव इथेच करा

सरावासाठी आपल्याला लांब जायला नको. मालवण तालुक्यातल्या तोंडवलीपासून तळाशीलपर्यंतची पुळण त्यासाठी फार चांगली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि सुरूच्या झाडांची सावली. मऊ वाळूत चालले की पोटऱ्या भरतात. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर चाल सोपी. म्हणजे एकाच वाटेवर कठीण आणि सोपे दोन्ही. महिनाभर आठवड्यातून तीनदा सकाळी चाला. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, नंतर थोडे थोडे वाढवत दोन तास, शेवटी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. ज्याला ही चाल झेपते त्याला लेण्याचा चढ झेपेल.

ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. ती आपल्या गाबित बांधवांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. मुले चालून तापली की पाण्यात धावतात, तिथे सावध राहा. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपैकी आठ जण बुडाले. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ माणसाला आत नेते, तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नये. वळवाचे ढग गडगडू लागले तर मोकळी पुळण आणि सडा सोडून पक्क्या घरात या, झाडाखाली थांबू नका.

मंडळांनी काय करावे

आपल्या मंडळांकडे पैसे नाहीत असे कोणी सांगू नये. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीला पैसे निघतात, बॅनरला निघतात. एका बॅनरच्या पैशात खालची पेटी भरते:

- ओआरएसची वीस पाकिटे, क्लोरीनचे थेंब
- मलमपट्टी, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, कात्री
- पॅरासिटामोल, आणि ज्याची त्याची बीपी-शुगरची औषधे
- दोन शिट्ट्या, दोन बॅटऱ्या, दोरी, दोन जुन्या साड्या
- मजबूत चादर आणि दोन बांबू, म्हणजे स्ट्रेचर
- जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा फोन लिहिलेला कागद

पेटीपेक्षा महत्त्वाची माणसे. प्रत्येक वाडीतून पाच मुली आणि पाच मुलगे निवडा आणि त्यांना प्रथमोपचार शिकवा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बोलावल्या तर येतात, मीही येईन. मुली मुद्दाम म्हणते. शिट्टी गळ्यात घालून रांगेच्या शेवटी चालणारी, थकलेल्या आजीला धीर देऊन वर नेणारी सोळा वर्षांची मुलगी जे शिकेल, ते तिला पुढे इस्पितळात, कॉलेजात, सासरी, सगळीकडे उपयोगी पडेल. आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितले होते. वाटेत बसलेल्या माणसाला मागे टाकून पुढे गेलेली सहल लेण्यापर्यंत पोचली तरी धम्मापर्यंत पोचत नाही.

येत्या बुद्ध पौर्णिमेला सहलीची गाडी ठरवू नका, ही दहा मुले ठरवा. वर्षावास संपेपर्यंत त्यांचा सराव होऊ द्या. मग कार्तिकात सगळे मिळून निघू.

नमो बुद्धाय, जयभीम.